मल्लरंगांतील तूर्यघोष आणि हलगी

मल्लविद्येवरील पोथ्या जमविण्याची हौस आपल्या प्रांतांत बरीच जुनी आहे. डावपेचांच्या याद्या, मल्लांच्या आहाराचीं प्रमाणें, आखाड्यांतील मातीची मशागत, मल्लखांबावरील उड्या, यांविषयींचें हस्तलिखित व छापील साहित्य अनेक संग्राहकांच्या कपाटांतून नीट बांधून ठेवलेलें आढळतें. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड हातांशीं असले म्हणजे या विषयाचा पुष्कळसा भाग घरबसल्या पाहतां येतो. पण कुस्ती चालू असतां आखाड्यांत जें वाद्य अखंड वाजत असतें तें कां वाजतें, केव्हां चढतें, केव्हां थांबतें आणि ऐकणारावर त्याचा काय परिणाम होतो, या प्रश्नांकडे विद्वानांनीं कानाडोळाच केलेला आहे. विषय कानाचा असल्यामुळें हा शब्द येथें अक्षरशः खरा ठरतो. प्रस्तुत लेखांत त्या वाद्याची हकीकत, प्रथम संस्कृत ग्रंथांच्या व मग करवीर प्रांतांतील प्रत्यक्ष प्रघाताच्या आधारें, मांडण्याचें योजिलें आहे.

आरंभ श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधापासून करणें सोयीचें आहे. कंसानें मथुरेंत मल्लक्रीडेचा महोत्सव मांडला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ती ऐकतांना आपलें लक्ष कृष्णाकडे असतें, वाद्यांकडे नसतें. बेचाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस रंगाची पूजा होते, तूर्यें व भेरी वाजूं लागतात, नागरिक व खेड्यांतील लोक मंचांवर बसतात, आणि मग नटलेले, मस्तींत असलेले मल्ल आपापल्या उपाध्यायांसह आंत येतात. उपाध्याय म्हणजे आपले वस्ताद. पट्ठ्याबरोबर वस्तादानें मैदानांत उतरण्याची चाल आजहि तशीच आहे. याच ठिकाणीं ग्रंथकारानें वाद्यांस एक विशेषण लाविलें आहे, तें 'मल्लतालोत्तर' हें होय. या सामासिक पदाचा अर्थ दोन तऱ्हांनीं लागतो. 'ताल' म्हणजे हाताची थाप असें घेतलें तर, मल्लांच्या दंड-मांड्यांवरील थापांनीं ज्यांवर कडी केली आहे अशीं वाद्यें, असा अर्थ होतो. 'ताल' म्हणजे संगीतांतील कालमान असें घेतलें तर, मल्लांस उचित असा ताल ज्यांत मुख्य आहे अशीं वाद्यें, असा अर्थ होतो. व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ निर्दोष आहेत. तथापि आमचा कल दुसऱ्याकडे आहे. कारण असें कीं, वाद्यांचें हें वर्णन सतिसप्तमीनें केलेलें असून वाद्यें वाजत असतां मल्लांनीं प्रवेश केला असें तेथें म्हटलें आहे. जे अद्याप आंत यावयाचे त्यांच्या थापांनीं वाद्यांवर आधींच कडी केली, हें जरा ओढूनताणून होतें. शिवाय लगेच पुढें चाणूर, मुष्टिक, कूट, शल व तोशल हे पांच मल्ल त्या मधुर वाद्यांनीं हर्षित होऊन आले असें स्पष्ट सांगितलें आहे. वाद्य ऐकून मल्लाच्या ठिकाणीं कांहीं फरक पडतो, ही गोष्ट भागवतकारास ठाऊक होती, आणि तो फरक पाडणारा एक विशिष्ट ताल त्याच्या काळीं मल्लांच्या नांवानें ओळखला जात असावा.

त्रेचाळिसाव्या अध्यायाचा पहिलाच श्लोक याला पूरक आहे. राम व कृष्ण प्रातःशौच उरकून, मल्लदुंदुभीचा घोष ऐकून, तमाशा पाहावयास निघतात. म्हणजे बोलावणें डोळ्यांना नसून कानांना आहे. पुढें कुवलयापीड हत्तीचा वध होतो, दोघे रंगांत येतात, लोक आपापसांत बोलूं लागतात आणि तूर्यें वाजतच असतात. त्या गदारोळांतच चाणूर कृष्णास आव्हान देतो. भागवतकारानें वाद्यांचा उल्लेख चार-पांच ठिकाणीं, प्रत्येक वेळीं थोडक्यांत, पण प्रसंगाच्या प्रत्येक वळणावर केलेला आहे. हें केवळ शोभेसाठीं झालें आहे असें म्हणवत नाहीं.

परंतु या प्रकरणांतील खरा महत्त्वाचा उल्लेख वाद्य वाजण्याचा नसून तें थांबविण्याचा आहे. पांच मल्ल मारले गेले, उरलेले पळाले, कृष्ण-बलराम आपल्या सवंगड्यांस ओढून घेऊन वाजत्या तूर्यांबरोबर पायांतील नूपुर वाजवीत नाचूं लागले, कंसावांचून सारे लोक आनंदले; तेव्हां कंसानें आपलीं वाद्यें बंद करविलीं. मुळांत 'स्वतूर्याणि' असें पद आहे. यांतील 'स्व' हा पादपूरणासाठीं घातला आहे असें म्हणून पुढें जातां आलें असतें. पण आमच्या मतें सर्व प्रसंगाचें मर्म त्या एका अक्षरांत आहे. वाद्यें कंसाचीं, वादक कंसाचे, त्यांचें वेतनहि कंसाचेंच. आणि असें असून तीं वाजत होतीं शत्रूच्या विजयाला.

विष्णुपुराणांत हाच प्रसंग अधिक तीव्र झाला आहे. त्याच्या पांचव्या अंशांतील विसाव्या अध्यायांत कुस्ती अजून संपलेली नाहीं. चाणूराचें बळ ओसरत आहे आणि कृष्णाचें वाढत आहे, एवढें दिसतांच कंस संतापून मृदंगादि तूर्यें थांबवितो. आणि त्याच क्षणीं आकाशांत देवांचीं अनेक तूर्यें एकदम वाजूं लागतात. विष्णुपुराण हें भागवताहून जुनें, हें मत आतां बहुतेकांस मान्य आहे. तेव्हां वाद्य मध्येंच थांबविण्याची कल्पना अधिक जुनी आणि निकाल लागल्यावर थांबविण्याची नंतरची, असें म्हणावयास हरकत नाहीं. भाविक वाचकाचें लक्ष येथें देवतूर्यांकडे जातें, व तें योग्यच आहे. आमचें लक्ष कंसाच्या हुकुमाकडे जातें. ज्याच्यापाशीं सैन्य आहे, बंदिशाळा आहे, त्या राजाला ऐन घटकेला वाद्यें थांबविण्याची बुद्धि कां व्हावी? याचें कारण एवढेंच संभवतें कीं, कंस कुस्तीचा जाणकार होता. मल्लरंगांतील वाद्य पैसे देणाराचें नसतें. जो वरचढ होतो त्याच्याबरोबर तें चढतें. कृष्णाचें बळ वाढलें तसा वाद्यांचा वेग वाढला असला पाहिजे, आणि तो वेग ऐकून प्रेक्षकांचा आवेश वाढला असला पाहिजे. हें चक्र कोठेंतरी तोडावयाचें तर वाद्याशींच तोडणें भाग होतें. आणि पुराणकारालाहि वाद्यावांचून ती कुस्ती पुरी करवेना. पृथ्वीवरचें वाद्य थांबतांच त्यानें आकाशांतलें सुरू केलें.

महाभारतांतील आदिपर्वाचा दाखला निराळ्या प्रकारचा आहे. द्रोणाचार्यांनीं हस्तिनापुरांत कुमारांच्या अस्त्रविद्येचें प्रदर्शन मांडलें तें कांहीं मल्लयुद्ध नव्हे. परंतु ऐकणारांविषयीं तेथें जें सांगितलें आहे तें आमच्या विषयास लागू आहे. वाद्यांचा घोष आणि लोकांचें कुतूहल या दोहोंमुळें तो समाज खवळलेल्या समुद्रासारखा झाला, असें व्यासांनीं म्हटलें आहे. दोन कारणें एकत्र सांगितलीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. एकट्या वाद्यानें किंवा एकट्या कुतूहलानें तें काम झालें नसतें. अर्जुन रंगांत उतरतांच चहूंकडून शंखांसह वाद्यें वाजूं लागतात, लोक ओरडूं लागतात, आणि आंधळा धृतराष्ट्र विदुरास विचारतो कीं, हा एवढा मोठा आवाज कसला? सगळ्या सभेंत ज्याला कांहींच दिसत नाहीं तो नुसत्या आवाजावरून जाणतो कीं, रंगांत कांहीं घडलें आहे. नंतर खेळ आटोपत आला, समाज शांत झाला, वाद्यांचा ध्वनि मंदावला, आणि त्याच वेळीं दाराशीं वज्राच्या कडकडाटासारखा भुजा ठोकल्याचा आवाज झाला. कर्णाचा प्रवेश तो हाच. वाद्यें जोरांत असतांना कर्ण आला असता तर त्याचा तो आवाज कोणाला ऐकूं आला असता?

भुजा ठोकणें म्हणजे आपला शड्डू. वाद्यांच्या इतिहासांत याची गणना कोणी करीत नाहीं, पण मल्लरंगांतील आदिवाद्य म्हणून त्याचा मान पहिला आहे. आव्हान ही मुळांत ऐकविण्याचीच क्रिया आहे. आङ् उपसर्गापूर्वीं लागला असतां 'ह्वे' धातु स्पर्धेच्या अर्थीं आत्मनेपदी होतो, असें पाणिनीचें सूत्र आहे, आणि तेथें वैयाकरणांनीं उदाहरण घेतलें आहे तें मल्लानें मल्लास हांक मारल्याचें. गाय वासराला बोलावते तें परस्मैपदांत, आणि मल्ल मल्लाला बोलावतो तें आत्मनेपदांत. हा भेद वर्गांत सांगितला म्हणजे एरवीं पेंगणारीं मुलेंहि कान टवकारीत, असा आमचा अनुभव आहे.

शास्त्रग्रंथांकडे वळलें तर मात्र हातीं थोडें लागतें. भरतानें सर्व आतोद्यें केव्हां वाजवावीं याची यादी दिली आहे. तींत उत्सव, राजांचें प्रयाण, मंगलकार्यें, विवाह, उत्पात, गोंधळाचा प्रसंग, संग्राम आणि पुत्रजन्म हे प्रसंग येतात. मल्लयुद्ध नांवानें येत नाहीं. पण तें उत्सवहि आहे आणि संग्रामहि आहे, तेव्हां दोन्ही बाजूंनीं तें त्या यादींत बसतें. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५, १९३९ व १९६१ या सालीं तीन भागांत निघाला. त्याच्या विनोदविंशतींत मल्लविनोद व वाद्यविनोद हे दोन्ही आहेत. मल्लांचे वर्ग, आहार व सराव यांचा तपशील पहिल्यांत आणि वाद्यांचा दुसऱ्यांत. ग्रंथ एक, आश्रयदाता एक, विंशतीहि एकच. असें असतां मल्लविद्येचे अभ्यासक पहिला वाचतात व संगीताचे अभ्यासक दुसरा वाचतात, आणि दोघांची गांठ पडत नाहीं.

मधल्या काळांत आखाड्याची भाषाच बदलली. 'आखाडा' हा शब्द संस्कृत 'अक्षवाटा'पासून आला. पण कुस्ती, पहिलवान, वस्ताद, तालीम, पेच हे शब्द मुसलमानी अमलांत फारसी-अरबींतून आले. शब्दांबरोबर कांहीं रीतीहि आल्या असल्या पाहिजेत. इराणांतील झूरखान्यांत आखाडा जमिनीखालीं खोलगट असतो, आणि उंचवट्यावर बसलेला मुर्शिद मातीच्या भांड्याचा ढोल व घंटा वाजवून फिर्दौसीचीं वीरकाव्यें म्हणतो. व्यायामाचा वेग त्याच्या हातावर ठरतो. तुर्कस्थानांत एदिर्ने येथील तेलकट कुस्त्यांत दावुल व झुर्ना, म्हणजे सरासरीनें आपले ढोल व सनई, कुस्त्या चालू असतां वाजत राहतात. या दोन्ही प्रघातांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या संस्कृतिविषयक संस्थेनें २०१० सालीं आपल्या अमूर्त वारशाच्या यादींत केली. सयामांतील मुष्टियुद्धांतहि सनईसारखें एक सुषिर वाद्य, दोन ढोल व लहान झांजा असतात. आरंभींच्या गुरुवंदनाच्या वेळीं त्यांची गति संथ असते आणि झुंज रंगेल तशी ती वाढत जाते. इतक्या दूरदूरच्या देशांत एकच नियम दिसतो, याचें कारण उसनवारींत शोधण्यापेक्षां ऐकणाराच्या शरीरांत शोधावें हें अधिक बरें.

आतां हलगीकडे येऊं. सुमारें फूटभर व्यासाचें कडें, त्यावर एका बाजूनें ताणलेलें शेळीचें कातडें, गळ्यांत किंवा खांद्यावर अडकविण्यास दोरी, डाव्या हातीं बारीक लांब काडी व उजव्या हातीं आंखूड जाड टिपरूं, एवढाच तिचा संभार. कडें पूर्वीं लाकडाचें असे, आतां बहुधा लोखंडाचें असतें. वाजविण्यापूर्वीं ती जाळावर शेकतात; कातडें तापून ताणलें म्हणजे आवाज असा कडक निघतो कीं, तो शिवारापलीकडे जातो. पावसाळी हवेंत ती पुन्हां पुन्हां शेकावी लागते, आणि जत्रेंत वादकांच्या जवळ गवताचा किंवा कागदाचा लहानसा जाळ दिसतो तो याचसाठीं. नांवाविषयीं एक टीप द्यावी असें वाटतें. कन्नडांत 'हलगे' या शब्दाचे फळी आणि हें वाद्य असे दोन्ही अर्थ होतात, आणि करवीर, सांगली, सोलापूर हा प्रदेश कन्नडाच्या शेजारचा आहे. तेव्हां हें नांव तिकडून आलें असें मानण्यास पुरेसा आधार आहे. संस्कृतांतून ओढून आणण्याचा मोह आमच्यासारख्यांनीं आवरलेला बरा. हलगीच्या जोडीला घुमकें असतें, धातूचें कैताळ असतें, आणि मोठ्या मैदानांत शिंग किंवा तुतारी असते. अमरकोशांतील चार प्रकारांपैकीं आनद्ध, घन व सुषिर हे तीन येथें हजर आहेत; तत, म्हणजे तंतुवाद्य, मात्र कुस्तीच्या फडांत कधींच नसतें. वीणेला तेथें कोण ऐकणार?

जत्रेंतील कुस्त्या दुपारीं रेवड्यांवर लढणाऱ्या लहान मुलांपासून सुरू होतात व दिवस मावळतां मावळतां शेवटच्या मोठ्या जोडीवर येतात. हलगी त्याच्याहि आधींपासून गांवांत फिरत असते. भागवतांतील मल्लदुंदुभीचें काम ती करते. मोठा पहिलवान मैदानांत आला कीं हलगीवाले पुढें होऊन त्याला हौद्याभोंवतीं फिरवितात. तेव्हांची चाल डौलाची, मध्यम लयीची. जोड सलामी घेते, हातांत माती घेऊन एकमेकांस लावते, खडाखडी सुरू होते. आणि येथें हलगी मोकळी, तुटक होते, जणूं तीहि अंदाज घेत आहे. एकानें पट काढला किंवा ढाकेला हात घातला कीं ती दाटते. खालच्यानें डाव परतविला तर क्षणभर लय मोडते व पुन्हां जमते. जोड जमिनीवर बराच वेळ अडकून पडली तर एकसारखा बारीक ठेका चालू राहतो, आणि बसलेले म्हातारे नकळत मांडीवर तोच ठेका धरतात. घिस्सा बसला, पाठ मातीकडे झुकूं लागली कीं टिपरूं व काडी यांचे आघात निरनिराळे ऐकूं येत नाहींसे होतात. लोक उठून उभे राहतात, आणि उभे राहिल्याचें त्यांना नंतर कळतें. चितपट होतांच फेटे उडतात, गुलाल उधळतो, हलगीवाले धांवत आंत शिरतात.

मैदान मोठें असलें कीं पाठीमागच्या लोकांस कांहीं दिसत नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासानंतर कोल्हापुरांत खासबागचें मैदान बांधविलें, तें १९१२ सालीं पुरें झालें. मधला हौदा खोल व भोंवतालच्या पायऱ्या चढत्या असल्यामुळें तेथें प्रत्येकास कुस्ती दिसते. पण गांवच्या फडांत अशी सोय कोठून असणार? तेथें मागच्या रांगांतला मनुष्य धृतराष्ट्राच्याच जागीं असतो. त्याचा विदुर म्हणजे हलगी. लय ऐकून तो शेजाऱ्याला सांगतो कीं, आतां वरची पकड सुटली. आणि बहुतेक वेळां तें खरें निघतें.

पन्हाळ्याकडील एका जत्रेंत आम्ही एका वृद्ध हलगीवाल्याजवळ बसून त्याला पुष्कळ प्रश्न विचारले. लय केव्हां वाढवावी हें कशावरून ठरवितां, असें विचारतां तो म्हणाला, "त्वांडाकडं बघून काय कळत न्हाई गुरुजी, कमरंकडं बघाय लागतं." तोंडावर दोघेहि सारखेच दमलेले दिसतात, जोर कोणाचा सरला हें कंबर सांगते. मग आम्हीं विचारलें कीं, गांवचा पहिलवान आणि परगांवचा पहिलवान असे लागले तर मामा, तुम्ही कोणाच्या बाजूनें वाजवितां? बिदागी तर गांवच देतो. यावर तो हंसला व म्हणाला, "ज्यो वर, त्येची हलगी." विष्णुपुराणांतील त्या दोन श्लोकांवर याहून नेमकें भाष्य आमच्या वाचनांत नाहीं.

कोणी असा आक्षेप घेईल कीं, हा सर्व गोंगाटाचा परिणाम आहे. त्या जागीं कोणतेंहि वाद्य बडविलें तरी लोक असेच उठून उभे राहतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. अलीकडे फडावर ध्वनिवर्धकांतून निवेदन चालतें, त्याचा आवाज हलगीहून मोठा असतो. पण तो कुस्तीच्या मागून येतो. पकड बसली हें निवेदक सांगतो तोंपर्यंत ती बसून चुकलेली असते. हलगी मात्र कमरेकडे पाहून वाजत असल्यामुळें क्षणभर आधीं चढते, आणि त्या क्षणभरांत श्रोत्याचा श्वास अडकतो. खुद्द मल्लावर होणारा परिणाम याहून चमत्कारिक आहे. आमचा एक जुना विद्यार्थी तरुणपणीं दहा-बारा वर्षें तालमींत होता. त्याला विचारतां त्यानें सांगितलें कीं, कुस्ती चालू असतां हलगी ऐकूंच येत नाहीं. पण कांहीं कारणानें ती मध्येंच थांबली तर मात्र एकदम ऐकूं येते, आणि हातांतलें बळ गेल्यासारखें होतें. थांबलेली हलगी ऐकूं येते, हें वाक्य आम्हीं त्याच्याकडून दोनदां वदवून घेतलें. कंसाचा हुकूम हा केवळ क्रोधाचा उद्गार नसून एक डाव होता, हें आमचें मत त्या दिवसापासून पक्कें झालें. त्या डावाचा फटका पहिल्यानें चाणूरालाच बसला असेल, हें त्या रागावलेल्या राजाच्या लक्षांत आलें नसावें.

आतां वादकांविषयीं. पुराणांत मल्लांचीं नांवें आहेत, हत्तीचें नांव आहे, मथुरेंतल्या माळ्याचें नांव सुदामा म्हणून दिलें आहे. तूर्यें वाजविणारांपैकीं एकाचेंहि नांव नाहीं. आपल्या प्रांतांतहि तीच स्थिति. हलगी वाजविणें हें गांवगाड्यांत मुख्यत्वेंकरून मांग व महार समाजांकडे होतें, कारण कातड्याचें काम त्यांच्या माथीं मारलेलें होतें. दवंडी, लग्न, पालखी, जत्रा, प्रेतयात्रा, प्रत्येक ठिकाणीं हलगी लागे. आणि ज्या देवाच्या पालखीपुढें ती वाजे, त्याच देवळाची पायरी वाजविणाराला बंद असे. हौद्याच्या कडेला उभें राहून सबंध गांवाच्या छातीचे ठोके ज्यानें आपल्या दोन काठ्यांवर चालवावे, त्यानें रात्रीं पाणी मागितलें तर तें वरून ओतलें जाई. ज्या शाहू छत्रपतींनीं खासबाग बांधविलें त्यांनींच १९१८ सालीं आपल्या संस्थानांत महार वतनें रद्द केलीं, आणि १९५८ सालच्या मुंबई राज्याच्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें सर्वत्र गेलीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळींतून अनेक घराण्यांनीं वेठीचीं कामें व त्यांबरोबर वाजविणेंहि सोडलें. कांहीं संगीतप्रेमी मंडळी याविषयीं हळहळतांना आढळतात. आमच्या मतें ज्यांनीं सोडलें त्यांनीं योग्य केलें. सक्तीनें वाजवून घेतलेल्या हलगीची थोरवी सांगण्याचा अधिकार वाजवून घेणारांस नाहीं. जे आज वाजवितात ते बिदागी ठरवून, आपल्या खुषीनें व कसबाच्या अभिमानानें वाजवितात, आणि म्हणूनच त्यांस विचारून लिहून घेण्याची वेळ हीच आहे.

वेळ हीच म्हणण्यास दुसरेंहि कारण आहे. मातीवरची निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चाले; तिला घड्याळ नव्हतें, म्हणून हलगीला चढत जाण्यास वाव होता. गादीवरच्या कुस्तीचे तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, गुणांची मोजणी व पंचाची शिटी. तेथें लय बांधली जाते न जाते तोंच शिटी वाजते. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती व गादी असे दोन विभाग आहेत व त्यांच्या विजेत्यांची शेवटीं गांठ पडते, ही तडजोड चांगलीच आहे. पण देशाबाहेर जाऊं इच्छिणारा पट्ठ्या आतां गादीवरच तयार होतो, आणि त्याला हलगीची संवय लागत नाहीं. त्यास दोष देण्याचें कारण नाहीं.

हलगीचे बोल पोथींत मिळणार नाहींत. ते हातांतून हातांत गेलेले आहेत. फिरवणी, सलामी, खडाखडी, पकड आणि निकाल या प्रत्येकाचा ठेका निराळा आहे, आणि एकाच प्रसंगाचा ठेका करवीरास एक व सोलापुराकडे दुसरा असाहि भेद कानांस जाणवतो. ध्वनिमुद्रण आतां कोणासहि खिशांतल्या यंत्रावर करतां येतें. मात्र नुसता ध्वनि घेऊन भागत नाहीं, कुस्तीचें चित्र त्याच्याबरोबर घेतलें तरच कोणत्या हालचालीला कोणता आघात पडला हें नंतर ताडून पाहतां येईल. कागदांच्या बाबतींत आमची सूचना अशी कीं, देवस्थानांचे व जत्रेच्या पंचांचे मोडी जमाखर्च चाळतांना मल्लांच्या इनामाच्या रकमांवरच बोट न ठेवतां वाजंत्र्यांच्या नांवावर पडलेला खर्चहि उतरून घ्यावा. कोणास फेटा दिला, कोणास नारळ, कोणास नुसती शिधासामग्री, यावरून पुष्कळ कळतें.

आणि ज्या कागदांकडे पोथ्यांचे संग्राहक ढुंकूनहि पाहत नाहींत ते म्हणजे कुस्त्यांच्या जाहिराती. झिरझिरीत रंगीत कागदावर छापलेल्या, भिंतीवर खळीनें चिकटविलेल्या या जाहिराती जत्रा संपतांच शेळ्या खातात. त्यांवर जोडींचीं नांवें, इनामाच्या रकमा, वस्तादांचीं नांवें असतात. आणि अलीकडील कांहींवर अगदीं तळाशीं, निवेदकाच्या नांवाशेजारीं, हलगीवादकांचीं नांवेंहि छापलेलीं असतात. अशी जाहिरात हातीं आल्यास तळाचा भाग कातरूं नये, आणि तिच्या पाठीवर गांव, तिथि व साल शिसपेन्सिलीनें टिपून ठेवावें. शाई त्या कागदावर फुटते.